जुनी शिवालये आणि रंगाचे डबे

श्रावण लागला. डवरणी-निंदणाच्या धांदलीतून शेतकऱ्याला थोडी उसंत मिळू लागली, आणि यवतमाळच्या भोवतालच्या टेकड्यांवर वर्षातून एकदाच दिसणारा तो गर्द हिरवा रंग चढला. घराघरांत सोमवारचे उपवास सुरू झाले आहेत. शुक्रवारी जिवतीचा पट पुजला जाईल. लग्नाला पाच वर्षे न झालेल्या सुना तांदूळ, तीळ, मूग, जव, सातू अशा क्रमाने शिवामूठ वाहतील. याच दिवसांत सायंकाळी जेवणे आटोपल्यावर घरातील वडीलधारी मंडळी यात्रेचा बेत आखू लागतात. कोणी त्र्यंबकेश्वर म्हणतो, कोणी वेरूळचे घृष्णेश्वर. पुसदकडची मंडळी जवळ म्हणून औंढ्या नागनाथाचे नाव घेतात. आणि ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत ते काशीपर्यंत जाऊन येतात.

दूरच्या तीर्थयात्रेस आमचा विरोध असण्याचे कारण नाही. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाची ओढ आपल्या रक्तातच आहे. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी जी आपली रीत होऊन बसली आहे, तिच्याविषयी या श्रावणात दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. यवतमाळ जिल्ह्यात सात-आठशे वर्षांची पाषाणी शिवालये आहेत. त्यांतील कित्येकांचे नावही यवतमाळच्याच अनेक घरांना ठाऊक नाही. आणि जी ठाऊक आहेत त्यांतील काहींची स्थिती अशी आहे की, आमच्या नातवंडांना ती आज आहेत तशी पाहावयास मिळतील की नाही, याची आम्हांस शंका वाटते. ऊनपावसाने त्यांचे फारसे बिघडलेले नाही. ती बिघडत आहेत आपल्याच हातांनी, आणि तेही भक्तीच्या भरात. म्हणूनच हा विषय बोलावयास अवघड आहे.

प्रथम घराजवळच्या देवळापासून आरंभ करू. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांची जी यादी आहे, तीत ‘योत-लोहारा’ असे नाव येते. योत म्हणजे यवत, आजचे यवतमाळ. त्यातील ‘माळ’ हा ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे सांगतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी यवतचे नाव लोहाऱ्याच्या जोडीने घेतले जात होते. इंग्रजी अमलात सन १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव ‘वून’, म्हणजे वणी, असे होते. यवतमाळ हे नाव जिल्ह्यास मिळाले ते त्यानंतर. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच, की दारव्हा रस्त्याने जाताना जे लोहारा आपण औद्योगिक वसाहतीमुळे ओळखतो, जे आता शहरातच मिसळून गेले आहे, ते कोणे एके काळी परगण्याच्या नावात यवतच्या बरोबरीने मिरवत होते. तेथील कमलेश्वराचे हेमाडपंती शिवालय हे त्या जुन्या वैभवाची खूण आहे. शहरातील केदारेश्वराच्या दर्शनास जाणारी घरे पुष्कळ आहेत. लोहाऱ्याच्या कमलेश्वराकडे मात्र श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडली तर फारशी पावले वळत नाहीत.

‘हेमाडपंती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेवराय आणि रामदेवराय या यादव राजांच्या दरबारातील मंत्री. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुरुष. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून देवळे बांधण्याची पद्धत त्याने काढली असा लोकांचा समज आहे. वास्तविक ही पद्धत त्याच्या जन्माआधीपासून महाराष्ट्रात रूढ होती. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे सन १०६० चे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे. तरीही नाव हेमाद्रीचेच चिकटले. पण याच हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड धर्मशास्त्रीय ग्रंथ रचला आणि त्याच्या व्रतखंडात व्रतवैकल्यांचा संग्रह केला. देऊळ कसे उभारावे याचे श्रेय त्याला नसेल, परंतु त्या देवळात जाणाऱ्या भाविकाने व्रत कसे पाळावे याचा विचार त्याने केला होता. आजच्या आमच्या विषयास हा दुसरा हेमाद्री अधिक उपयोगी आहे.

अशा देवळात गेल्यावर काय पाहावे? आपण चपला काढतो, घंटा वाजवतो, पिंडीवर पाणी घालतो, बेल वाहतो, प्रदक्षिणा करून बाहेर पडतो. पाच मिनिटांत दर्शन होते. आमची विनंती अशी, की पुढच्या सोमवारी अर्धा तास जास्त काढावा आणि लहान मुलांना बरोबर न्यावे. सभामंडपाच्या खांबांना हात न लावता जवळून पाहावे. चौरस, अष्टकोनी, वर्तुळाकार असे आकार बदलत एकच पाषाण वर कसा गेला आहे ते मुलांना दाखवावे. गाभाऱ्याच्या चौकटीवर मध्यभागी बहुधा गणेश असतो. त्याला ललाटबिंब म्हणतात. उंबऱ्याशी दोन्ही बाजूंना कीर्तिमुखे असतात. पुष्कळ शिवालयांत गाभारा मंडपाहून खाली असतो, चार-पाच पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरचा उजेड मागे पडतो, आवाज मागे पडतात, आणि काळोखात समईच्या ज्योतीपुरती पिंडी दिसते. त्या काळच्या स्थपतींनी अंधाराचासुद्धा उपयोग करून घेतला होता. त्याच गाभाऱ्यात आज पांढऱ्या फरश्या आणि ट्यूबलाइट लावण्याची हौस कोणाला का व्हावी, हे आम्हांस कधी कळले नाही.

कळंबचा चिंतामणी हे शिवालय नव्हे. परंतु श्रावण संपताच भाद्रपद येतो, आणि यवतमाळकरांच्या देवदर्शनाची गोष्ट कळंबवाचून पुरी होत नाही. नागपूरच्या वाटेवर, चक्रावती नदीच्या काठी वसलेले हे गाव मोगलांच्या काळी एका सरकारचे ठाणे होते. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग कळंब सरकारात आणि पुसदकडचा भाग माहूर सरकारात मोडत असे. सन २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, त्यामुळे आता वर्ध्याकडील भाविकांची सोय झाली आहे. गणेशपुराणात कदंबवृक्षाखाली इंद्राने गणेशाची आराधना केल्याची कथा आहे. गौतम ऋषींच्या शापाने ग्रस्त झालेल्या इंद्राने षडक्षरी मंत्राचा जप केला, तो दोषमुक्त झाला, आणि ते स्थान कदंबपूर म्हणून प्रसिद्धीस आले, असे ती कथा सांगते. पुण्याजवळच्या थेऊरचे भाविकही कदंबतीर्थाचा मान आपल्या चिंतामणीस देतात. या वादात आम्ही पडू इच्छीत नाही. चिंतामणी दोघांचीही चिंता हरण्यास समर्थ आहे.

कळंबचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, समोर कुंड आहे, आणि मूर्ती दक्षिणाभिमुख आहे. काही वर्षांच्या अंतराने या कुंडाचे पाणी चढत जाऊन चिंतामणीच्या चरणांना स्पर्श करते आणि मग ओसरते, अशी श्रद्धा आहे. गंगा आली, असे लोक म्हणतात. गंगा आल्याची वार्ता फुटली की सारा जिल्हा कळंबकडे लोटतो. भूगर्भातील पाण्याच्या पातळीशी याचा संबंध जोडणारे जोडोत. आमच्या मनात एक वेगळाच विचार येतो. खोल उतरून जावयाचे, पाण्याच्या जवळ जावयाचे, आणि पाण्यानेच आपण होऊन देवाच्या पायांशी यावे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, ही त्या क्षेत्राची घडण आहे. ते कुंड स्वच्छ राहील तोवरच या श्रद्धेला अर्थ आहे. निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या कुंडात टाकणाऱ्याने गंगेला कोणत्या तोंडाने बोलवावे?

जिल्ह्यात इतरत्रही अशी स्थळे विखुरलेली आहेत. सर्वांची नावे येथे देत नाही. दारव्ह्याचा मल्लिकार्जुन आहे. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ गाडी आठवत असेल. दारव्हा-मोतीबागला उतरून देवाला जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ती गाडी आता बंद पडली आहे. त्याच तालुक्यात तपोना येथे महादेवाचे जुने देऊळ आहे. पुसदला करुणेश्वर आहे. आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात, वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमावर जुगादचे शिवालय आहे. पलीकडच्या तीरावर चंद्रपूर जिल्ह्यातील वढा. ज्याला संगमावरच्या देवळाचे दर्शन हवे आहे, त्याने प्रयागच जवळ करावे असे नाही. पावसाळ्यात मात्र पुराचा अंदाज घेऊनच जुगादला जावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखप्रपंच मांडला तिच्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका गावी गेलो होतो; गावाचे नाव घेत नाही. तेथील शिवालय आम्ही तरुणपणी पाहिले होते. काळा पाषाण, त्यावर शेवाळाची हिरवी झाक, आणि खांबांवर इतके नाजूक कोरीवकाम की बोट लावावयास संकोच वाटावा. या खेपेस गेलो तो दुरूनच डोळे दिपले. खांब निळे, कीर्तिमुखे पिवळी, त्यांचे ओठ लाल, नंदी पांढराशुभ्र, आणि नंदीच्या गळ्यातील पाषाणी घुंगुरमाळ सोनेरी रंगात बुडून सपाट झालेली. गाभाऱ्यात कमरेइतक्या उंचीपर्यंत चकचकीत फरश्या. गुरवबुवा मोठ्या उत्साहाने म्हणाले, “पोरायनं वर्गणी केली अन् रंग देला. आता देऊळ कसं चमकते, पाहा!”

आम्ही काय बोलणार? त्या मुलांनी तंबाखूला, पत्त्यांना पैसे घातले नव्हते; देवाला घातले होते. ज्या जिल्ह्याचे नाव गेली वीस-पंचवीस वर्षे कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, त्या जिल्ह्यातील एका खेड्याने पोटाला चिमटा घेऊन ही वर्गणी गोळा केली होती. त्यांच्या भक्तीपुढे आमचे कलाप्रेम थिटेच. परंतु म्हणूनच अधिक वाईट वाटले. घामाच्या पैशाने त्यांनी आपल्याच देवळाचे नुकसान विकत घेतले होते, आणि ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नुकसान कसे, ते सांगितले पाहिजे. पाषाण आपल्याला भरीव दिसतो, पण त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. पावसाळ्यात तो ओल शोषतो आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतो. सात-आठशे वर्षे तो टिकला तो या श्वासोच्छ्वासावर. तैलरंगाचा थर दिला की ही छिद्रे बुजतात. जोत्यातून आणि छतातून आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती रंगाच्या पापुद्र्यामागे साचते, आणि काही वर्षांनी रंग सुटतो तो पाषाणाची कोरीव त्वचा घेऊनच. मग पुन्हा वर्गणी, पुन्हा रंग. सिमेंटचेही तसेच. बिनचुन्याच्या बांधणीत दगड एकमेकांत खाचा करून बसविलेले असतात. जमीन किंचित खचली तर ते किंचित सरकून भार सांभाळतात. त्यांच्या सांध्यांत सिमेंट भरले की ती लवचिकता जाते. सिमेंट कठीण, त्यातील क्षार पाण्याबरोबर दगडात उतरतात, आणि शेवटी फुटतो तो दगड. शिखरावर उगवलेल्या पिंपळाची गोष्टही अशीच. उत्साही मंडळी तो ओढून उपटतात आणि मुळांबरोबर चिराच खाली येतो. रोप कोवळे असतानाच कापावे, आणि मूळ खोल गेले असेल तर जाणत्या माणसाच्या हाती सोपवावे.

येथे कोणी म्हणेल, मग देवळाला हातच लावू नये काय? कुलूप घालून, निळा फलक ठोकून, ते पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन करावे काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जेथे दिवा लागत नाही, तेथे वटवाघळे नांदतात. पूजा बंद पडलेल्या देवळांची पडझडच लवकर झाली आहे. सरकारी संरक्षण म्हणजे काळजी, असे नेहमीच घडत नाही, हेही सर्वांस ठाऊक आहे. जीर्णोद्धाराचे पुण्य नवे देऊळ बांधण्याहून अधिक, असे आपल्याकडे मानतात. काशीविश्वेश्वराचे देऊळ सन १७८० मध्ये पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव आपण प्रातःस्मरणीय मानतो ते उगाच नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की जीर्णाचा उद्धार करावयाचा की त्यावर नव्याचे पांघरूण घालावयाचे.

या बाबतीत सर्व वारकऱ्यांचे माहेर असलेल्या पंढरपूरचे उदाहरण ताजे आहे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात काळाच्या ओघात ठिकठिकाणी फरश्या, ग्रॅनाइट, रंग आणि इतर भर पडत गेली होती. सन २०२४ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून तेथे ही भर काढण्यात आली आणि मूळ पाषाण मोकळा करण्यात आला. विठोबाच्या पायांवर डोके ठेवता येत नाही हे वारकऱ्याला किती जड गेले असेल! तरी त्याने ते सोसले, आणि जूनमध्ये जेव्हा तो आत गेला तेव्हा त्याला जुने काळ्या पाषाणाचे देऊळ दिसले. सप्तशृंगी गडावर, म्हणजे नाशिककडच्या वणीला, आमच्या वणीला नव्हे, सन २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड थर शास्त्रोक्त रीतीने उतरविण्यात आले, तेव्हा मातेचे मूळ रूप कितीतरी पिढ्यांनंतर भाविकांना दिसले. उज्जैनच्या महाकालेश्वराची पिंडी झिजू लागली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सन २०१७ मध्ये जलाभिषेकास प्रत्येक भक्ताने अर्ध्या लिटरपर्यंतच शुद्ध पाणी वापरावे अशी मर्यादा आली. ज्योतिर्लिंगाची जी गत, ती लोहाऱ्याच्या, तपोन्याच्या पिंडीची होणार नाही असे कोणी समजू नये. दूध, दही, साखर यांनी घासून घासून पाषाण गुळगुळीत होतो, आणि उरलेले मोरीत तुंबून आंबते.

आणि गंमत अशी, की आपल्या श्रावणातील व्रतातच याचे उत्तर आहे. शिवामूठ ही एक मूठ आहे, पोते नव्हे. कोरडे धान्य, तेही मुठीत मावेल तेवढे. ते पिंडीशी वाहून नंतर गोळा करावे आणि गोरगरिबाच्या घरी द्यावे. पाषाणालाही बाधा नाही. ज्या घरांत दुधाचा अभिषेक करण्याची परंपरा आहे, त्यांनी पळीभर दूध घालून उरलेले देवळाबाहेरच्या पोरांना द्यावे. शंकर भोळा आहे. मोजून घेणारा नाही.

कायद्याचेही थोडे सांगून ठेवतो, कारण पुढे तक्रारी होतात. जे देऊळ राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालेले आहे, त्याला रंग देणे, सिमेंट लावणे, तेथे नवा मंडप घालणे हे परवानगीवाचून करता येत नाही. सन १९५८ च्या कायद्यात सन २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार अशा स्मारकाच्या शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम चालत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी घ्यावी लागते. परंतु आपल्या खेड्यांतील बहुसंख्य देवळे कोणत्याच यादीत नाहीत. त्यांचे रक्षण ग्रामस्थांच्या विवेकावरच आहे. म्हणून वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे आहे, की पैसे खुशाल जमवा. पण ते रंगाला न घालता पहिल्या वर्षी देवळाभोवतीचे पाणी वाहून नेणारी नाली काढा, दुसऱ्या वर्षी छतातून गळणारी जागा जाणत्या माणसास दाखवून दुरुस्त करा, तिसऱ्या वर्षी आवारात पडलेले कोरीव चिरे आणि भंगलेल्या मूर्ती उचलून एका ओट्यावर नीट मांडा. त्या मूर्ती नदीत सोडू नका. धुणी धुण्यासाठी नेऊ देऊ नका.

आणखी एक काम प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. आपल्याकडे लग्न झाले की नवरानवरीला गावच्या देवाच्या पायांवर घालण्याची रीत आहे, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत अशा वेळी देवळासमोर छायाचित्र काढण्याचीही. आजी-आजोबांच्या लग्नाचे ते पिवळे पडलेले छायाचित्र ट्रंकेतून काढून पाहा. आपण नवरानवरीचे चेहरे पाहतो. त्यांच्या मागे काय आहे ते पाहात नाही. मागे खांब आहे, त्यावरचे कोरीवकाम रंगाविना स्पष्ट दिसते आहे. नंदी आहे, त्याच्या गळ्यातील घुंगुर मोजता येतात. या सोमवारी देवाला जाताना ते छायाचित्र बरोबर न्यावे आणि त्याच खांबाशी उभे राहून, आज तेथे काय आहे ते घरातील मुलांना पाहू द्यावे.